उसवण आणि शिवण

शिवणकामाच्या शिक्षणात माप घेणे, बेतणे, कापणे आणि शिवणे असा क्रम ठरलेला असतो. उसवणे या क्रमात कुठेच बसत नाही. चुकलेली टीप काढण्यापुरते ते शिकवले जाते आणि शिकाऊ हाताला ते शिक्षेसारखे वाटते. वापरून झालेल्या भटकंतीच्या सामानातून सायकलीची पिशवी शिवताना मात्र हा क्रम उलटा होतो. ट्रेकर मंडळी जिला नुसते ‘सॅक’ म्हणतात ती जुनी पाठपिशवी, तंबूचे बाहेरचे छत, फाटके विंडचीटर, फोमची झिजलेली चटई यांतून नवी वस्तू करायची, तर आधी ती जुनी वस्तू टाका टाका करून मोकळी करावी लागते, आणि या मोकळे करण्यातच निम्म्याहून अधिक वेळ व जवळजवळ सगळी अक्कल खर्च होते.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अशा पिशवीला कच्चा माल मिळतो आणि कारणही मिळते. बामणोलीहून शिवसागर जलाशय ओलांडून वासोट्यावर जाणारे, सज्जनगड आणि अजिंक्यतारा यांच्या वाटा तुडवणारे, चांदोलीच्या बाजूने सह्याद्रीत शिरणारे यांच्या घरच्या माळ्यावर एखादी तरी निवृत्त सॅक पडलेली असते. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कासच्या पठाराकडे यवतेश्वरचा घाट चढून सायकलीने जाणाऱ्यांची आता नवलाई राहिलेली नाही. मुलूखही असा की महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच कृष्णेच्या खोऱ्यात पूर्वेला माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो पाचशेच्या आगेमागे येऊन थांबतो. 1949 साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडले आणि दक्षिण साताऱ्याला 1960 साली सांगली हे नाव मिळाले. पण सायकलस्वाराच्या दृष्टीने खरी वाटणी उत्तर-दक्षिण नसून पूर्व-पश्चिम आहे. एका टोकाला कापडाला पाण्याशी झुंजावे लागते, दुसऱ्या टोकाला ऊन आणि धूळ यांच्याशी, आणि एकाच पिशवीने हे दोन्ही सोसावे अशी अपेक्षा असते.

सॅक उसवण्याची रीत साधी आहे. शिवणीच्या एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका ब्लेडच्या टोकाने तोडायचा आणि उलट्या बाजूचा दोरा हलक्या हाताने ओढून घ्यायचा. सरसकट पाते फिरवले तर दोऱ्याबरोबर कापडही कापले जाते. घरच्या शिवणयंत्राची टीप वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवून पडते, म्हणून ती एका झटक्यात निघत नाही. खताच्या किंवा सिमेंटच्या पोत्याचे तोंड ज्या साखळी टाक्याने शिवलेले असते त्याची गोष्ट वेगळी: योग्य टोक सापडले की अख्खी शिवण सरसर निघून येते, आणि ते टोक कोणते हे शेतकऱ्याच्या घरातले पोरही सांगू शकते. सॅक तयार करणाऱ्या कारखान्याला ही सोय नको असते. त्यामुळे उसवणाऱ्याला प्रत्येक टाक्याशी थांबावे लागते, आणि थांबल्यामुळेच त्याला काही दिसू लागते. खांद्याचा पट्टा जिथे सॅकच्या अंगाला मिळतो तिथे टिपेच्या तीन-चार ओळी एकावर एक सापडतात, म्हणजे ओझ्याचा सारा ताण इथे येत होता. खिशाच्या कडेला एकच ओळ असते, म्हणजे तिथे नुसते झाकण्याचे काम होते. पट्टा काढल्यावर त्याखाली मूळ रंगाची गडद पट्टी निघते आणि बाजूचे कापड विटलेले दिसते. उन्हातली अतिनील किरणे नायलॉनचा रंगही खातात आणि ताकदही, तेव्हा न विटलेला तुकडा हाच पिशवीच्या भार पेलणाऱ्या भागासाठी राखून ठेवावा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सॅक सगळीकडून एकदम मरत नाही. आधी चेनचा रनर, म्हणजे दाते जुळवणारी सरकती कडी, सैल होतो; मग खांद्यातला फोम बसतो; मग आतला लेप सोलवटतो. तळ आणि पट्ट्या मात्र बहुधा शाबूत राहतात. त्याचे कारण डेनिअरमध्ये आहे. डेनिअर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममध्ये वजन. आकडा जितका मोठा तितका धागा जाड. पुष्कळ सॅकमध्ये अंगाचे कापड चारशे-पाचशे डेनिअरचे आणि तळाचे हजाराच्या घरातले असते, कारण सॅक दर मुक्कामाला दगडावर आपटली जाणार हे बेतणाऱ्याने धरूनच ठेवलेले असते. बाजेच्या नवारीची आठवण करून देणाऱ्या रुंद पट्ट्या तर कापडाच्या आधी तुटल्याचे क्वचितच दिसते. म्हणून सायकलीच्या पिशवीचा तळ सॅकच्या तळातून, पट्टे सॅकच्या पट्ट्यांतून आणि बक्कल जसेच्या तसे घ्यावे, अंगासाठी मात्र कापड पारखून घ्यावे, असा या कामातला व्यवहार ठरून गेलेला आहे.

पारखण्याची ही गरज नीट समजून घ्यायची तर वाकळ शेजारी ठेवून पाहावी. कृष्णाकाठच्या घरांत जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने, म्हणजे वरखाली जाणाऱ्या साध्या टाक्याने, शिवलेले पांघरूण ते वाकळ. देशावर इतरत्र तिला गोधडी म्हणतात. सुती कापड धुवून धुवून विरते, पण विरताना मऊ होते, आणि वाकळ शिवणारी बाई त्या मऊपणाचाच उपयोग करते. विरलेले पदर आत जातात, बरा भाग वर येतो, आणि चार दुबळे थर मिळून एक उबदार थर होतो. नायलॉनच्या म्हातारपणात असे काही चांगले नाही. तंबूच्या कापडावर पाणी अडवण्यासाठी पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेला असतो; दमट हवेत त्या लेपाचे रेणू पाण्याशी प्रक्रिया होऊन तुटत जातात, आधी तो चिकट होतो, मग त्याला आंबूस वास येतो आणि शेवटी तो खवल्यांसारखा झडतो. जुलैत भिजलेला तंबू न वाळवता गुंडाळून ठेवणाऱ्याच्या घरी हे लवकर घडते, आणि सातारच्या पश्चिमेकडे जुलैत तंबू वाळवणे ही काही सोपी गोष्ट नव्हे. अशा कापडाचे चार थर एकत्र शिवले तरी त्यांतून एक चांगला थर निघत नाही. ‘जुने ते सोने’ ही म्हण सुताच्या काळातली आहे. 1935 साली ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या धाग्याला ती लागू करताना नखाने लेप खरवडून पाहणे, शिवणीजवळ दोन्ही हातांनी ताणून पाहणे आणि वास घेणे या तीन परीक्षा झाल्याच पाहिजेत. नापास झालेले कापड कितीही महागाचे असले तरी टाकून द्यावे. पुनर्वापराचे कौतुक करणारे लेखन ही टाकण्याची बाजू सहसा सांगत नाही, त्यामुळे पहिल्याच पावसात गळणाऱ्या पिशव्या तयार होतात आणि दोष मात्र शिवणाऱ्याच्या हाताला लागतो.

ओझे दोन बाजूंना वाटून न्यायचे ही कल्पना या मुलखाला सायकलीच्या फार आधीपासून ठाऊक आहे. पडशी हे तिचे सर्वांत सुटसुटीत रूप: लांब कापडाची दोन्ही टोके पिशवीसारखी शिवलेली, मधला भाग खांद्यावर, एक पिशवी छातीवर आणि दुसरी पाठीवर. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरेपलीकडे लोणंदला सातारा जिल्ह्यात शिरते आणि तरडगाव, फलटण, बरड या मुक्कामांनी पुढे जाते, त्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या अशा पडशा चालत गेल्या. सायकलीच्या कॅरिअरला दोन्ही अंगांनी लटकणारी पिशवी म्हणजे पडशीच, फक्त खांद्याच्या जागी लोखंड आले. याच मुलखात घोंगडीचा किंवा पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून डोक्यावर घेण्याची खोळ होते; तिच्यात एकही टाका नसतो, आणि युरियाच्या रिकाम्या पोत्याची खोळ घेऊन भरपावसात भाताच्या खाचरात उभा राहिलेला माणूस पुनर्वापर हा शब्द न उच्चारता तो करत असतो.

सायकल इथे आली ती मात्र महागड्या परदेशी वस्तूच्या रूपात. 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. किर्लोस्कर बंधू विलायती सायकली विकत आणि चालवायलाही शिकवत. पुढे तेच नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे यांकडे वळले आणि 1910 साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळ दिलेल्या माळरानावर, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेनासे झाले तेव्हा शाहू छत्रपतींनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, अशी हकिकत सांगितली जाते. तोफ वितळवली की तिच्यातले सगळे जुने रूप पुसले जाते. धातूला भूतकाळ उरत नाही. कापडाचे तसे नाही. ते वितळवून पुन्हा ओतता येत नाही, कापता आणि जोडता तेवढे येते, म्हणून त्याची जुनी घडी, जुनी भोके आणि जुना ताण नव्या वस्तूतही शिल्लक राहतात.

वस्तूऐवजी हातच दुसऱ्या कामाला लागल्याचे उदाहरण मिरजेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांची मागणी ओसरल्यावर, हत्यारांना धार आणि पाणी देणारे शिकलगार तंतुवाद्ये घडवू लागले. फरीदसाहेबांचे नाव त्या परंपरेच्या आरंभी घेतले जाते, आणि मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तानपुऱ्यांवर चढणारी गवसणी, म्हणजे वाद्याच्या अंगाबरोबर बेतलेले कापडी आच्छादन, या निबंधाच्या विषयाची जवळची नातेवाईक आहे. भोपळा निसर्गाच्या मर्जीने वाढतो, त्यामुळे दोन तानपुऱ्यांचा घेर सारखा नसतो आणि बाजारात तयार मिळणारी गवसणी कुठेतरी ओघळते. सायकलीच्या त्रिकोणात बसवायच्या पिशवीलाही हेच लागू पडते. दांडा, सीटखालची नळी आणि पुढून पायडलाकडे उतरणारी नळी यांचा त्रिकोण प्रत्येक मापाच्या सायकलीत वेगळा असतो. दांड्याच्या जुन्या काळ्या सायकलीत तो ऐसपैस, घाटात चढवायच्या गिअरच्या सायकलीत आखूड आणि तिरका. पुठ्ठा धरून त्यावर आतली रेघ ओढायची आणि त्या रेघेच्याही थोडे आत राहून बेतायचे, कारण भरल्यावर पिशवी फुगते. जाडी मात्र गुडघे ठरवतात: पाच-सहा सेंटिमीटरांच्या पुढे गेले की पायडल मारताना मांड्या घासू लागतात आणि पन्नास किलोमीटरनंतर ती पिशवी कितीही सुबक असली तरी नकोशी होते. कॅरिअरच्या पिशवीत हा अधिकार टाचेकडे जातो. पाय मागे येताना टाच पिशवीला लागू नये म्हणून तिचा पुढचा खालचा कोपरा तिरका कापावा लागतो.

जगात इतरत्रही ही वस्तू घरच्याच शिवणयंत्रावर जन्मली आहे. जर्मनीत हार्टमुट ऑर्टलीब यांनी ट्रकच्या ताडपत्रीतून सायकलीच्या जलरोधक पिशव्या आईच्या शिवणयंत्रावर शिवल्या आणि 1982 साली त्यांचा कारखाना उभा राहिला. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या मार्कुस आणि डॅनिएल फ्रायटाग या भावांनी 1993 साली ट्रकची वापरलेली ताडपत्री, मोटारीचे आसनपट्टे आणि सायकलीच्या ट्यूब यांची पिशवी केली. यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनी 1924 साली सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले होते. माणसाच्या हाताला बेकार न करता त्याचे कष्ट हलके करणारे यंत्र म्हणून.

हे यंत्र जाड कापडापुढे अडते, पण पुरते हरत नाही. ब्लाउजची बारीक सुई काढून सोळा किंवा अठरा नंबरची सुई लावायची, दोरा पॉलिएस्टरचा घ्यायचा, कारण सुती दोरा ओलाव्याने कुजतो आणि पिशवी धडधाकट असताना शिवण सुटते, आणि चार पदर एकत्र येतात तिथे पायाने न चालवता बाजूचे चाक हाताने फिरवून एकेक टाका घालायचा. टीप तीन-चार मिलिमीटरांची ठेवावी. अधिक बळकटी येईल या समजुतीने बारीक टीप मारली तर पोस्टाच्या तिकिटांच्या पानासारखी भोकांची रांग तयार होते आणि ताण आला की कापड नेमके तिथेच फाटते. पट्टा जोडताना चौकोन मारून त्यात फुली घालतात, म्हणजे कोणत्याही दिशेने ओढले तरी ताण एकाच ओळीवर येत नाही. कापलेल्या नायलॉनच्या कडा उसवत जातात, त्या मेणबत्तीच्या ज्योतीजवळून फिरवून वितळवून घेतात, आणि तो वितळलेला थेंब बोटावर पडला तर चिकटून भाजतो हे लक्षात ठेवावे लागते. लेप दिलेल्या कापडात सुईचे भोक कायम राहते, सुतासारखे मिटत नाही. म्हणून टाचण्या न लावता चिमटे लावावे, आणि सॅक उसवल्यावर राहिलेली जुन्या भोकांची पट्टी मोह न धरता कापून टाकावी. ही बोटभर पट्टी वाचवण्याच्या नादात बिघडलेल्या पिशव्यांची संख्या थोडी नसावी. घरच्या यंत्राची सुई मोडू लागली तर चर्मकाराची आरी आहेच; मेण लावलेला दोरा आरीच्या खाचेत घेऊन पलीकडून अलीकडे ओढला की यंत्राला न जमलेले चार टाके तो बसल्या बसल्या घालून देतो.

पिशवी सायकलीला बांधण्याच्या बाबतीत मात्र नव्या भटक्यांनी जुन्या दूधवाल्याकडे पाहावे. फाटक्या ट्यूबची लांब पट्टी कापून तिने कॅरिअरवर कॅन, पेंडीचे पोते किंवा गवताचा भारा आवळणारा माणूस या भागात कुठेही दिसतो. रबर ताणले जाते, ओझ्याबरोबर हलते आणि खड्ड्यात आदळल्यावर पुन्हा आवळते. पट्टा दांड्याला घासून रंग उडू नये म्हणून मध्ये घालायलाही ट्यूबचाच तुकडा उत्तम. पाठीमागच्या बाजूला, रस्त्यावरच्या इतरांना दिसेल असे, जुन्या जाकिटाची चमकती पट्टी लावणे ही या भागात हौस नाही. गळिताचा हंगाम सुरू झाला की कराडपासून सांगलीपर्यंतचे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरतात, अंधार लवकर पडतो, आणि काळ्या-करड्या सॅकच्या कापडाची पिशवी त्या अंधारात दिसेनाशी होते.

एका कापडाबद्दल मतभेद आहे. वाढदिवसांचे आणि निवडणुकांचे फ्लेक्स फुकट मिळतात, पाणी अडवतात आणि गोठ्यावर घातलेले जागोजागी दिसतात. म्हणून त्यांच्या पिशव्या शिवण्याचा सल्ला दिला जातो. फ्लेक्स म्हणजे विरळ विणलेल्या पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर. तो जड असतो आणि घडीवर तडकतो, तेव्हा वळणारी बाजू त्यातून कधीच करू नये. ताठपणासाठी तळाशी आतून घालायला तो चालतो. मग पिशवी उघडली की एखादे तरुण, तडफदार नेतृत्व हात जोडून तळातून हसते, एवढे सोसावे लागते.

इथे एक भेद झाकून ठेवणे बरे नव्हे. वाकळ, खोळ आणि खताच्या पोत्याचे शाळेचे दप्तर गरजेतून झाले. सॅकची पिशवी बहुतेक वेळा फुरसतीतून होते, कारण मुळात सॅक विकत घेण्याची ऐपत असलेल्या घरातच जुनी सॅक सापडते. दोन्हींना एकाच कौतुकाच्या शब्दात बसवले की पहिलीतली ओढाताण दिसेनाशी होते. पोत्याचे दप्तर घेऊन शाळेत गेलेल्या पिढीला ते पुन्हा शिवण्याची हौस नसते, आणि नसावीच. परंतु ज्ञानाच्या अंगाने पाहिले तर देणेघेणे उलट दिशेने चालते: ताण कुठे येतो, कडा कशी दुमडावी, गोट, म्हणजे कडेवर चढवायची अरुंद पट्टी, कुठे लावावा, हे फुरसतीत शिवणाऱ्याला शेवटी गरजेपोटी शिवणाऱ्या बाईकडून, शिंप्याकडून किंवा चर्मकाराकडूनच शिकावे लागते, आणि त्या शिकवणीची मजुरी देण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

कारखान्यात आता पुष्कळ जलरोधक पिशव्या शिवल्याच जात नाहीत. प्लॅस्टिकचे दोन थर उष्णतेने एकमेकांत विरघळवून जोडले जातात. भोके नसल्यामुळे पाणी आत येत नाही, पण जोड गेला की तो उसवताही येत नाही, आणि दुरुस्तीच्या दुकानात अशी पिशवी आली तर वरून रेक्झिनचे ठिगळ चिकटवण्यापलीकडे कारागिराला फारसे काही करता येत नाही. घरी शिवणाऱ्यालाही हाच मोह होतो: शिवणीवर गोंद किंवा डिंकाची फीत फासली की ती पावसाला पुरून उरते. त्याऐवजी शिवण गळू द्यावी, आतले सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे आणि बक्कल मूळ अंगाला न शिवता वेगळ्या छोट्या पट्टीवर शिवून ती पट्टी चार टाक्यांनी जोडावी, असा एक पक्ष आहे. महाबळेश्वरच्या पावसात तो गैरसोयीचा ठरतो, आटपाडीच्या उन्हात बिनतोड. आणि ज्याला नऊ-दहा वर्षांनी हीच पिशवी पुन्हा ब्लेड घेऊन मोकळी करायची असेल त्याच्यासाठी तर दुसरा पक्षच नाही.